नळाला कढत पाणी, रेडिएटर मात्र गारढोण – बॉयलरचं दुखणं नक्की कुठे?

कुडकुडे

नमस्कार मंडळी. थंडी सुरू झाली म्हणून परवा मोसमात पहिल्यांदा हीटिंग लावलं. रात्रभर बॉयलर आपला चालू-बंद होत राहिला, सकाळी उठून बघतो तर एकही रेडिएटर कोमटसुद्धा नाही. वरच्या मजल्यावरचे चार, खालचे तीन आणि न्हाणीघरातली टॉवेल वाळवायची शिडी, सगळे गारढोण.

बॉयलर कॉम्बी आहे, म्हणजे रेडिएटरमध्ये फिरणारं आणि नळाचं, दोन्ही पाणी तोच तापवतो, पाण्याची वेगळी टाकी नाही. नळाला गरम पाणी एकदम झकास येतंय. पडद्यावर चुकीचा कोणताही कोड नाही. दाब १.३ बार. हीटिंग लावलं की ज्योत पेटते, पडद्यावरचं तापमान मिनिटभरात ८० च्या आसपास जातं, ज्योत विझते, तापमान हळूहळू उतरतं, पुन्हा पेटते. हेच चक्र.

रेडिएटरची हवा काढून पाहिली. सगळ्यांतून लगेच पाणीच आलं, फुसफुस अजिबात नाही. आता पुढे काय करू? दोन स्वेटर घालून टाइप करतोय, लेखनातल्या चुका पदरात घ्या.

वाचनमात्र

आधी बाळबोध प्रश्न, रागावू नका. बॉयलरवर नळाचं आणि सूर्याचं चित्र असलेलं बटण उन्हाळ्याच्या खुणेवर राहिलं नाही ना? आणि भिंतीवरच्या थर्मोस्टॅटचे सेल? आमच्याकडे सेल संपलेले होते आणि मी तीन दिवस बॉयलरला शिव्या घालत होतो.

कुडकुडे

रागावतोय कशाला. दोन्ही पाहिलं. बटण हिवाळ्यावर आहे, सेल नवे घातले. थर्मोस्टॅट २५ वर नेला की बॉयलर लगेच पेटतो, म्हणजे निरोप पोचतोय.

जुगाडू

दाब कमी आहे हो तुमचा. २.५ पर्यंत चढवा, पाणी आपोआप वर जाईल. आणि हवा आहे का नाही ते बघायला हवा काढायच्या स्क्रूपाशी काडी पेटवून धरा. ज्योत भडकली तर समजायचं.

पानापक्कड

जुगाडूभाऊ, दोन्ही सल्ले मागे घ्या कृपया.

बंद प्रणालीत पाणी फिरवायचं काम पंपाचं, दाबाचं नव्हे. थंड असताना १ ते १.५ बार पुरे. पाणी तापलं की फुगतं आणि दाब आणखी चढतो. २.५ वरून सुरुवात केली तर तापल्यावर ३ बार गाठेल आणि सुरक्षा झडप उघडून पाणी घराबाहेर सोडून देईल. ती झडप एकदा गाळ अडकून नीट बसली नाही की मग कायमची टपटप.

काडीचं म्हणाल तर, रेडिएटरमध्ये साचणारा वायू नेहमी साधी हवाच असतो असं नाही. आत गंज चढत असेल तर हायड्रोजन तयार होतो, आणि तो पेटतो. ती परीक्षा घ्यायला आपल्या बैठकीच्या खोलीपेक्षा प्रयोगशाळा बरी.

कुडकुडे, तुमचा बॉयलर उष्णता तयार करतोय, पण ती घरात पोचत नाहीये. तेव्हा बॉयलरचं झाकण वगैरे उघडायचा विचारही नको (ते गॅसवाल्या परवानाधारक माणसाचं काम), आपण उष्णता कुठवर येते ते हाताने चाचपत जायचं. बॉयलर पूर्ण थंड होऊ द्या. मग हीटिंग लावा आणि बॉयलरखालच्या पाइपांवर हात ठेवा. दोन जाड पाइप हीटिंगचे असतात, एक घराकडे जाणारा, एक परतीचा. बाकीचे दोन जरा बारीक, ते नळाच्या पाण्याचे. गॅसचा वेगळा. तापमान ८० ला पोचेपर्यंत कोणता किती तापतो ते लिहा. सांभाळून, जाणारा पाइप चांगलाच चटका देतो.

कुडकुडे

केलं. जाणारा पाइप बॉयलरला लागून वीतभर तापला, त्याच्या खाली नुसता कोमट आणि हातभर अंतरावर थंड. परतीचा पाइप पूर्ण थंड, शेवटपर्यंत. किती वेळात ८० झालं तेही मोजलं, साधारण दीड मिनिट.

पानापक्कड

उत्तम माहिती दिलीत. जाणारा पाइप वीतभरच तापला म्हणजे त्यातून पाणी वाहत नाहीये. तांबं उष्णतावाहक आहे, वीतभर उष्णता धातूतूनच उतरली.

आता दीड मिनिटाचा हिशेब बघा. बऱ्याच बॉयलरमध्ये आडवाटेची एक झडप असते. बाहेरचा रस्ता बंद झाला तर पंपाचं पाणी त्या वाटेने आतल्या आत फिरतं, नाहीतर पंप नुसता भिंतीला ढकलत बसेल. आत फिरणारं पाणी समजा ३ लिटर. बॉयलरने ज्योत अगदी बारीक करून ६ किलोवॉटवर आणली तरी त्या ३ लिटरचं तापमान दर सेकंदाला जवळपास अर्धा अंश चढणार. ४० अंश चढायला दीड मिनिटाच्या आतबाहेर. म्हणजे तुमचा बॉयलर ३ लिटर पाणी पुन्हा पुन्हा उकळीला आणतोय आणि घरातले आठ रेडिएटर त्या गावचेच नाहीत.

संशयित दोन.

पहिला म्हणजे वळण झडप, म्हणजे डायव्हर्टर. कॉम्बीमध्ये पंप एकच असतो. त्याचं पाणी रेडिएटरकडे पाठवायचं की नळाचं पाणी तापवणाऱ्या आतल्या चकत्यांकडे, हे ती ठरवते. ती नळाच्या बाजूला अडकली की नळाला पाणी झकास आणि रेडिएटर थंड. अगदी तुमचंच चित्र.

दुसरा संशयित बॉयलरच्या बाहेर: हीटिंगच्या वाटेत कुठेतरी तुंबलंय किंवा कुठलातरी व्हॉल्व्ह बंद आहे. पाणी वर्तुळात फिरतं, त्यामुळे तो परतीच्या पाइपावर बंद असला तरी जाणाऱ्यातही पाणी हलणार नाही. यातसुद्धा चित्र हुबेहूब तेच दिसतं. म्हणूनच गोंधळ होतो.

शंकेखोर

आणि पंप? लोक तर सगळ्यात आधी पंपच बदलतात. उन्हाळाभर बंद राहून जाम झाला असेल.

पानापक्कड

शंका रास्त, पण इथे लागू नाही. कॉम्बीत नळाचं पाणी तापवायलाही तोच पंप लागतो. तो जाम असता तर नळालाही थंडच आलं असतं. शिवाय गरम पाणी घेताना तो रोज फिरतोय, उन्हाळाभर झोपला नव्हता. टाकीवाल्या जुन्या घरांत मात्र तुमचं म्हणणं खरं. तिथे हीटिंगचा पंप महिनोन्‌महिने बंद राहिला की दांडा चिकटतो. जुन्या पंपांना मधोमध एक रुंद स्क्रू असायचा. तो काढून आतला दांडा स्क्रूड्रायव्हरने हलकेच फिरवला की बऱ्याचदा पंप पुन्हा चालायला लागायचा.

मेघना_द

धागा हायजॅक करतेय, माफी. आमच्याकडे ती टाकीवालीच पद्धत आहे. नळाला गरम पाणी येतं, रेडिएटर थंड, म्हणजे कुडकुडेंसारखंच. पण आमच्या बॉयलरमध्ये डायव्हर्टर नाही म्हणतात. टाकीच्या कपाटात पितळी व्हॉल्व्हवर दोन चंदेरी डबे बसवलेत, वायरी आलेल्या. ते काय?

पानापक्कड

मेघनाताई, ते मोटरवाले व्हॉल्व्ह. एक टाकीचा, एक रेडिएटरचा. डब्याच्या कडेला छोटी दांडी असते. रेडिएटरच्या व्हॉल्व्हची ती दांडी हीटिंग चालू असताना हळूच सरकवून बघा. मोटरने व्हॉल्व्ह आधीच उघडला असेल तर दांडी सैल, खुळखुळी लागते. स्प्रिंगचा दाब जाणवला तर व्हॉल्व्ह अजून बंद आहे, म्हणजे त्याला वीज पोचत नाही किंवा मोटर गेलीय.

टाकीचं पाणी तापत असताना, म्हणजे बॉयलर आणि पंप चालू असताना, ती दांडी उघड्या बाजूला अडकवून ठेवा. रेडिएटर तापू लागले की निदान झालं. बऱ्याच व्हॉल्व्हचा वरचा डबा पाणी न काढता बदलता येतो. पण आत घराच्या विजेच्या तारा आहेत, ते काम माहितगाराकडून करून घ्या.

मेघना_द

संध्याकाळी बघते आणि सांगते. धन्यवाद!

कुडकुडे

दरम्यान एका तंत्रज्ञाशी फोनवर बोललो. माझं वर्णन ऐकलं आणि दुसऱ्या वाक्याला “डायव्हर्टर गेला, भाग मागवावा लागेल, सोबत सर्किटचा बोर्डही बदलून टाकू” असं म्हणाला. न बघताच. पानापक्कड, तुमच्याही यादीत डायव्हर्टर पहिला आहे. मागवू का?

पानापक्कड

थांबा. डायव्हर्टर असेलही, पण बोर्ड कशासाठी? ज्योत पेटतेय, पंप फिरतोय, तापमान वाचलं जातंय, आदेश मिळतोय. बोर्डावर संशय घ्यायला कारण काय?

आधी एक ऐकायची चाचणी. हीटिंग चालू असताना कुणालातरी गरम पाण्याचा नळ उघडायला सांगा आणि बॉयलरला कान लावा. नळ उघडताना आणि बंद केल्यावर काही सेकंद घुर्रर्र असा बारीक आवाज आला तर झडपेची मोटर निदान हलतेय. काही मॉडेलमध्ये मोटर नसते, पाण्याच्या दाबावर झडप सरकते. तिथे हे ऐकू येणार नाही. आणि मोटर हलली तरी आतला दांडा हलतोच असंही नाही. म्हणजे ही चाचणी अर्धीच.

उरलेली अर्धी म्हणजे बाहेरचे सगळे व्हॉल्व्ह एकेक करून बघणं. बॉयलरखालचे, पाइपावरचे, जिन्याखालचे, जे जे सापडेल ते. फोटो डकवा.

कुडकुडे

घुर्रर्र येतंय, दोन्ही वेळा. बॉयलरखालच्या हीटिंगच्या दोन्ही व्हॉल्व्हच्या खाचा पाइपाच्या रेषेत आहेत, म्हणजे उघडे. फोटो डकवलेत, एकूण पाच. तिसऱ्यात काळा डबा दिसतोय तो चुंबकाचा फिल्टर, गाळ पकडायचा. चौथ्यात जिन्याखालचे पाइप.

आजोबा_वाफवाले

नमस्कार. कारखान्यातल्या मोठ्या बॉयलरांवर उभी हयात गेली, घरगुती खेळणी आता म्हातारपणी हाताळतो. एरवी फक्त वाचतो, पण आज लिहिल्यावाचून राहवेना.

तिसरा फोटो मोठा करून बघा. फिल्टरच्या वर एक व्हॉल्व्ह, खाली एक. वरच्याची खाच उभी, पाइपासारखी. खालच्याची आडवी. की माझा चष्मा बदलायला झालाय?

पानापक्कड

आजोबा, दंडवत! मी तो फोटो दोनदा पाहिला, दोन्ही वेळा वरच्याच व्हॉल्व्हवर नजर गेली.

कुडकुडे, पळा. खाच पाइपाला समांतर म्हणजे उघडा, आडवी म्हणजे बंद. पाव फेरा फिरवायचा, जास्त नाही. आणि हो, तो फिल्टर शेवटचा कधी साफ केला होता?

कुडकुडे

मंडळी, कोणत्या तोंडाने लिहू.

पाव फेरा फिरवला. पाइपातून खळखळ आवाज आला, बॉयलरच्या पडद्यावर ७६ चे एकदम ४१ झाले, आणि ज्योत या वेळी विझली नाही. पाच मिनिटांत खालचे तिन्ही रेडिएटर हात लावता येणार नाही इतके तापले. परतीचा पाइपही कोमट झाला, आयुष्यात एवढ्या प्रेमाने पाइप कधी धरला नव्हता.

फिल्टर साफ केला होता उन्हाळ्यात. व्हिडिओ बघून, मीच. दोन्ही व्हॉल्व्ह बंद, झाकण उघडलं, काळं लोणी निघावं तसा गाळ निघाला, पुसलं, झाकण लावलं, वरचा व्हॉल्व्ह उघडला... आणि बहुधा तेवढ्यात फोन आला किंवा दार वाजलं. खालचा राहिला. हीटिंग तेव्हा बंदच होतं, नळाला गरम पाणी येत होतं, म्हणजे सगळं ठीक असं समजून मी मोकळा. चार महिन्यांनी त्याचा आणि याचा संबंध डोक्यात यावा कसा?

पानापक्कड

ओशाळू नका, हे फार जणांकडून होतं. फिल्टर बॉयलरच्या बाहेर, रेडिएटरकडून येणाऱ्या परतीच्या पाइपावर असतो. नळाचं पाणी तापवताना बॉयलरचं पाणी आतल्या आत फिरतं, ते फिल्टरपर्यंत येतच नाही. म्हणून चार महिने कुणाला पत्ता लागला नाही. हवा काढताना पाणी आलं तेही याचमुळे: रस्ता बंद असला तरी दाब सगळीकडे असतोच.

जुगाडू

म्हणजे बिघाड स्क्रूड्रायव्हरच्या पाव फेऱ्याचा आणि तो माणूस बोर्ड बदलणार होता. मी निदान फुकटात चुकीचे सल्ले देतो.

वाचनमात्र

+१ जुगाडू. 😄

कुडकुडे

आता दुसरा अंक. खालचे तिन्ही रेडिएटर आणि न्हाणीघरातली शिडी मस्त. वरच्या चारांपैकी दोन ठीक. तिसरा पूर्ण थंड. चौथा वरच्या बाजूला गरम, खाली मधोमध थंड पट्टा. आता तरी सगळे व्हॉल्व्ह उघडे आहेत, शपथ.

पानापक्कड

चौथा आधी. वर थंड आणि खाली गरम असता तर हवा. तुमचं उलट आहे, म्हणजे तळाला गाळ. तुम्ही फिल्टरमधून काढलात ते काळं लोणी म्हणजे लोखंडाचा काळा ऑक्साइड, मॅग्नेटाइट. चुंबकाला चिकटतं ते म्हणूनच. जड असल्यामुळे ते तळाशी बसतं आणि पाणी वरच्या वर निघून जातं. एकाच रेडिएटरची गोष्ट असेल तर दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करून, तो भिंतीवरून काढून अंगणात पाइपाच्या पाण्याने धुता येतो. दोन माणसं लागतात, आणि खाली जुनी चादर नव्हे, जुन्या चादरी पसरा. ते काळं पाणी गालिच्यावर सांडलं तर डाग जन्मात जात नाही. परत बसवल्यावर पाण्यात गंजरोधक औषध घाला. ते नसेल तर दोन-चार वर्षांत पुन्हा हेच.

तिसऱ्याला आकडे असलेली प्लास्टिकची मूठ आहे का, १ ते ५ वाली?

कुडकुडे

आहे. ५ वर ठेवली तरी ढिम्म.

पानापक्कड

मूठ उघडी करून ठेवा, मग तिच्या खालची कडी हाताने सोडवून मूठ काढा. पाणी येणार नाही, घाबरू नका. आत एक बारीक धातूची पिन दिसेल. अंगठ्याने नको, पान्याच्या सपाट बाजूने दाबा. तीन-चार मिलिमीटर आत जाऊन उसळी मारून वर यायला हवी. उन्हाळाभर बंद मुठीखाली दबून राहिली की ती खालीच चिकटते. बाजूने हलके टिचके मारा, पुन्हा दाबा, पुन्हा टिचके. पक्कडीने वर खेचू मात्र नका. काही व्हॉल्व्हमध्ये ती बाहेर येते आणि तिच्यामागोमाग छतापर्यंत कारंजं.

आजोबा_वाफवाले

भर घालतो. उन्हाळ्यात त्या मुठी बंद न करता पूर्ण उघड्या ठेवाव्यात, म्हणजे पिनेवर भार राहत नाही.

कुडकुडे

पिन सुटली! सातव्या टिचकीला. तिसरा रेडिएटर तापतोय. चौथ्याचं भिंतीवरून उतरवणं शनिवारी, मेव्हण्याला बोलावलंय.

शंकेखोर

एक विचारू? सगळे तापले तरी आमच्याकडे बॉयलरजवळचे रेडिएटर भाजतात आणि लांबचे कोमट राहतात. हाही गाळच?

पानापक्कड

सगळे लांबचे कोमट असतील तर बहुतेक समतोल बिघडलाय. पाणी आळशी, जवळच्या वाटेने परत पळतं. प्रत्येक रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाला झाकणाखाली एक व्हॉल्व्ह असतो, पान्याने फिरवायचा. सगळ्यात लांबच्याचा पूर्ण उघडा ठेवा, जवळच्यांचे चिमटत आणा. अर्धा-पाव फेरा बदलायचा, अर्धा तास थांबायचं, जाणाऱ्या आणि परतीच्या टोकांचं तापमान बघायचं. १५–२० अंशांचा फरक सगळीकडे साधारण सारखा आला की झालं. सुट्टीचा आख्खा दिवस जातो आणि घरचे वैतागतात. पण कंडेन्सिंग बॉयलर असेल तर चिकाटी धरा. परतीचं पाणी ५५ अंशांच्या खाली आलं तरच धुरातल्या वाफेचं पाणी होऊन तिची उष्णता परत मिळते. समतोल नसेल तर जवळच्या रेडिएटरमधून गरमच पाणी परत येतं आणि ती उष्णता धुराड्यातून जाते.

मेघना_द

आले परत! दांडीला स्प्रिंगचा दाब होता, म्हणजे बंद. उघडी अडकवून ठेवली, तासाभरात घर ऊबदार. वीजवाल्याने डबा उघडला, आतली इवलीशी मोटर जळालेली. वरचा डबा बदलला, पाण्याचा थेंब सांडला नाही. पानापक्कड, तुम्हाला साष्टांग.

कुडकुडे

दोन आठवड्यांनी धागा वर काढतोय. चौथा रेडिएटर धुतला. अंगणातल्या फरशीवर अजून काळा नकाशा आहे, मेव्हणा बोलतोय माझ्याशी, पण जेवढ्यास तेवढं. सगळे आठही आता वरपासून खालपर्यंत गरम.

पण दाब १.३ वर ठेवला होता, आज थंड असताना ०.९. तापल्यावर १.५. सुरक्षा झडपेचा बाहेर जाणारा पाइप कोरडा आहे.

पानापक्कड

तापल्यावर नुसता १.५ म्हणजे प्रसरण टाकीतली (तापून फुगलेलं पाणी सामावून घेणाऱ्या डब्यातली) हवा शाबूत आहे. ती गेली असती तर काटा ३ कडे धावला असता. म्हणजे कुठेतरी बारीक गळती. तुम्ही नुकतेच ज्याला हात लावलात तिथून सुरुवात करा: चौथ्या रेडिएटरच्या दोन्ही जोडण्या, सगळे हवा काढायचे स्क्रू, फिल्टरचं झाकण. प्रत्येकाखाली कोरडा कागदी रुमाल रात्रभर ठेवा.

कुडकुडे

फिल्टरचं झाकण. रुमाल ओला. वॉशर उलटा बसवलाय मीच.

आजोबा_वाफवाले

सुलटा करायच्या आधी दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा. आणि झाल्यावर दोन्ही उघडा. दोन्ही.